कारवान, मुधोळ, ग्रेहाउंड पाळणाऱ्यांसाठी: तेच बोट पुन्हा पुन्हा का दुखावतं?

"डॉक्टर, मागच्या वेळचंच बोट आहे." कारवान किंवा मुधोळ जातीचा कुत्रा घेऊन येणारे बरेच जण दवाखान्याची पायरी चढतानाच हे सांगतात. कुत्रा आठवडाभर लंगडलेला असतो, गोळ्यांनी बरा झालेला असतो. रविवारी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या कडेला मोकळा सोडला, आणि संध्याकाळी स्वारी पुन्हा तीन पायांवर घरी.

अशा वेळी औषध चुकलं असं घरच्यांना वाटतं. बहुतेकदा चुकते ती विश्रांती. लंगडणं आठ-दहा दिवसांत थांबतं, कारण तोवर सूज आणि दुखणं उतरलेलं असतं. पण बोटाचा सांधा दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे लिगामेंट पक्के व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात. मधल्या महिना-दीड महिन्यात कुत्रा ठणठणीत दिसतो आणि बोट मात्र कच्चंच असतं. तेवढ्यात मांजर दिसलं की संपलं.

या जातींचीच बोटं का?

नजरेनं शिकार हेरून तिच्यामागे सुसाट सुटणं हे या कुत्र्यांचं काम. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतो. भरधाव धावताना एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, आणि टेकताना सगळा भार बोटांवर येतो. मधली दोन बोटं लांब, कमानदार. त्यांच्यावर भार सर्वांत जास्त. कडेची बोटं वळताना मार खातात. त्यात कातडी कागदासारखी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. लॅब्राडॉरला जिथे खरचटतं, तिथे कारवानचं चांगलं दोन इंच फाटतं.

आपल्याकडची जमीनही बोटांवर मेहेरबान नाही. पांडवलेणीच्या उतारावर मुरूम आणि कातळ, शेताच्या बांधाला ढेकळं, आणि पावसाळा सरला की सगळीकडे कुसळ.

बाजीचं बोट

बाजी हा मखमलाबादकडच्या एका द्राक्षबागेतला कारवान (नाव बदललंय, कुत्र्याचंसुद्धा!). उजव्या पुढच्या पायाचं बाहेरचं बोट वर्षभरात तीनदा सुजलं. पहिल्या दोन वेळी मुरगळ म्हणून आम्ही पट्टी बांधली आणि गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला होता, पण एकच, आडवा. आडव्या एक्स-रेत चारही बोटं एकमेकांवर येतात आणि नेमकं हवं ते झाकलं जातं. ती चूक आमची.

तिसऱ्या वेळी गुंगी देऊन समोरून एक्स-रे काढला, बोट हलक्या हातानं बाजूला ओढून. सांधा एका बाजूनं दार उघडावं तसा उघडला, आणि कडेला तांदळाच्या कणीएवढा हाडाचा कपचा दिसला. लिगामेंट हाडाचा तुकडा घेऊनच सुटला होता. कितीही पट्ट्या बांधल्या असत्या तरी ते बोट टिकलं नसतं. सांधा शस्त्रक्रियेनं शिवला. त्यानंतरचे आठ आठवडे बाजी बांधून होता. मालक म्हणाले, "छाटणीच्या मजुरांना सांभाळणं सोपं, याला नको."

तेव्हापासून आमचा नियम असा: तेच बोट दुसऱ्यांदा सुजलं की दोन बाजूंनी एक्स-रे. खर्च वाढतो, ते आधीच सांगतो. तिसऱ्या खेपेपेक्षा तो कमीच पडतो.

सूज दिसते, कारण वेगळं असतं

नख छताकडे बघतंय का? म्हणजे कुत्रा नीट उभा असताना एकच नख वर उचललेलं दिसतं का? तसं असेल तर बोट वाकवणारा खोलातला टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) तुटलेला असू शकतो. बोट अख्खंच चपटं पडलं असेल तर दुसरा, कातडीजवळचा टेंडन. जखम ताजी असेल तर शिवता येते, म्हणून अशा वेळी 'दोन दिवस बघू' नको.

डांबरी रस्त्यावर लंगडतो आणि गवतावर छान चालतो, अशी तक्रार असेल तर पंजाखालची गादी बघा. तिथे गोल, कडक, थोडं पारदर्शक ठिपकं दिसलं तर ते कुरूप. माणसांना होतं तसंच. ग्रेहाउंडमध्ये हे फार दिसतं, बहुधा पुढच्या पायांच्या मधल्या बोटांवर. कोरून काढलं की आराम पडतो, पण बऱ्याचदा परत येतं. माणसांसाठी मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्या लावू नका; त्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं आणि कुत्रा ते चाटतो.

दोन बोटांच्या मध्ये गाठ येते, फुटते, पू येतो, भरते, महिन्यानं पुन्हा तेच. इथे आम्ही आधी कुसळाचा संशय घेतो. कुसळाची रचनाच पुढे सरकायची. मागे येत नाही. अँटिबायोटिक चालू असेतोवर बरं वाटतं, आणि कुसळ आत बसून असतं. ते शोधून काढावं लागतं.

म्हाताऱ्या कुत्र्याचं एकच बोट सुजून नख सैल झालं असेल तर त्याला नखुर्डं समजून महिने घालवू नका. नखाच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो. एक्स-रे आणि तुकड्याची तपासणी लागते. एकामागून एक बऱ्याच पायांची नखं गळत असतील तर तो प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो; त्याचे उपचार निराळे.

घरी काय करायचं

पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. चोळायचं नाही, बोट ओढून 'बसवायचं' तर अजिबात नाही. आणि हे ठळक वाचा: घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंड, यकृत, काहीही निकामी होऊ शकतं. दुखऱ्या सांध्याला आपण लावतो ते जेलही नको, कारण तो चाटणारच.

पट्टी आम्ही बांधतो, पण राखायची तुम्ही. पट्टीच्या टोकाला मधली दोन नखं दिसतात. ती रोज सकाळी बघा. एकमेकांपासून फाकलेली दिसली तर आत सूज चढली आहे, त्याच दिवशी या. वास आला, पट्टी ओली झाली, कुत्रा एकदम कुरतडायला लागला, तरीही. पावसात बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी चालेल, घरात आल्यावर लगेच काढायची. नाहीतर आत घाम धरून कातडी सडते.

पहिले दोन आठवडे कुत्र्याला बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, गळ्यातल्या पट्ट्यावर. नंतर पट्ट्यावरच सावकाश चालणं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. जिना, सोफा आणि गॅलरीतून खालच्या कुत्र्यांवर भुंकत मारलेल्या उड्या, सगळं बंद. मोकळं सोडायचं ते आम्ही बोट हातात घेऊन तपासल्यावरच.

नखं वाढू देऊ नका. लांब नख तरफेसारखं काम करतं: जमिनीत अडकलं की पिळा थेट सांध्याला बसतो. या कुत्र्यांची नखं बहुधा काळी, आतली शीर दिसत नाही. म्हणून आठवड्याला चिमूटभरच कापा. कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा.

भूल आणि शस्त्रक्रिया

या जातींना भूल देताना आम्ही जास्त सावध असतो. थायोपेंटोन हे जुनं औषध ग्रेहाउंडच्या अंगातून फार सावकाश उतरतं, म्हणून आम्ही ते वापरत नाही. चरबी नसल्यानं अंग पटकन गार पडतं. येताना एक पांघरूण आणा. ग्रेहाउंडला शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळं ठीक असूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू होऊ शकतो, त्यामुळे ते दोन दिवस पट्टीवर नजर ठेवा.

बोट काढावं लागेल म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. सांधा पार झिजला असेल किंवा हाडात पू झाला असेल तरच आम्ही ते सुचवतो. कडेचं बोट गेलं तरी घरचा कुत्रा छान चालतो-पळतो. मधलं असेल तर जरा विचार करावा लागतो, कारण भार शेजारच्या बोटावर जातो.

येताना

कुत्रा चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा, एकदा फरशीवर आणि एकदा मातीत. दवाखान्यात आल्यावर भीतीपोटी तो लंगडायचंच विसरतो. जुने एक्स-रे, दिलेल्या गोळ्यांची पाकिटं, आणि कोणतं बोट कधी सुजलं त्याच्या तारखा, कॅलेंडरवर खूण केलेल्या असल्या तरी चालतील. भूल लागेल असं फोनवर ठरलं असेल तर सकाळी खायला देऊ नका. पाणी कधीपर्यंत द्यायचं ते आम्ही सांगू.