आजन्म हमीचा पाना: अमेरिकी हत्यारांच्या ब्रँडमागचा इतिहास

मेकॅनिकच्या हत्यारांमध्ये कोणता ब्रँड चांगला, याची चर्चा बहुधा तीन मुद्द्यांवर होते: पोलाद आणि घडण कशी आहे, मोडल्यास बदलून मिळते का, आणि मोजलेले पैसे वसूल होतात का. हे तीन मुद्दे एकमेकांत इतके गुंतले, याचे कारण अमेरिकेतील या व्यापाराच्या इतिहासात सापडते. ‘आजन्म हमी’ तेथील बाजारात मुरली आणि पुढे हत्यारांच्या असंख्य खोक्यांवर छापली जाऊ लागली. या इतिहासातील एक गोष्ट मात्र तुलना करणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटते. पान्यावर उमटवलेले नाव, तो घडवणारा कारखाना आणि मोडल्यावर तो बदलून देणारा काउंटर या तिन्ही गोष्टी तेथे बऱ्याचदा वेगवेगळ्या हातांत होत्या.

हेन्री फोर्डच्या कारखान्यांनी १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टीच्या सुमारे दीड कोटी गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यांची दुरुस्ती करणारे गॅरेजवाले, तसेच स्वतःच्या गाडीखाली स्वतःच शिरणारे शेतकरी, असा दुहेरी ग्राहकवर्ग यातून तयार झाला. त्या वेळी सॉकेट पान्याची गोटी, म्हणजे नटावर चपखल बसणारी पोकळ टोपी, सहसा दांड्याला कायमची जोडलेली असे, त्यामुळे जितक्या मापांचे नट तितके पाने बाळगावे लागत. मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सन यांनी दांडा आणि गोटी वेगळी करण्याची कल्पना मांडली. ते नोकरीला असलेल्या कंपनीने ती नाकारली, तेव्हा सहकारी विल्यम सीडमन यांना सोबत घेऊन त्यांनी १९२० मध्ये स्वतःचा धंदा उभारला. पाच दांडे आणि त्यांवर बसणाऱ्या दहा गोट्या मिळून पन्नास हत्यारांचे काम करतात, एवढ्या एका हिशेबावर स्नॅप-ऑन ही कंपनी उभी राहिली.

स्नॅप-ऑनने दुकानाऐवजी थेट गॅरेजची वाट धरली. पुढे तिचे डीलर हत्यारांनी भरलेली व्हॅन घेऊन ठरलेल्या वाराला ठरलेल्या गॅरेजांत जाऊ लागले. मोडलेले हत्यार व्हॅनमध्येच बदलून मिळे, नवे हत्यार उधारीवर मिळे आणि हप्ता पुढच्या फेरीला वसूल होई. या ब्रँडची किंमत काही पटींनी जास्त का, असे विचारणाऱ्यांना पोलादाचे गुण सांगितले जातात आणि ते खोटे नसतात. पण त्या किमतीत डीलरची फेरी, त्याने दिलेली उधारी आणि गिऱ्हाइकाचा वाचलेला कामाचा वेळ हेही मोजलेले असते. दिवसाला आठ तास पाना चालवणाऱ्याला हे परवडते. महिन्यातून एकदा स्कूटरचे चाक खोलणाऱ्याला ते परवडण्याचे कारण नाही, आणि दोघांना एकच ब्रँड सुचवणारी तुलना मुळातच चुकते.

दुसरी वाट सीअर्स, रोबक या टपालाने माल पोहोचवणाऱ्या कंपनीची. तिने १९२७ मध्ये ‘क्राफ्ट्समन’ हे नाव दुसऱ्या एका हत्यार कंपनीकडून अवघ्या ५०० डॉलरना विकत घेतले. नाव सीअर्सचे झाले, पण भट्टी आणि घण दुसऱ्यांचेच राहिले. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंग या कारखान्याने अनेक दशके पाने आणि गोट्या पुरवल्या, तर १९६० च्या दशकात कोलोरॅडो स्प्रिंग्जला सुरू झालेल्या वेस्टर्न फोर्जने स्क्रू ड्रायव्हर आणि पकडी पुरवल्या. जुन्या क्राफ्ट्समन पान्यावर ब्रँडच्या नावाजवळ एखादे बारीक अक्षर उठवलेले दिसते: ‘व्ही’ असेल तर माल मूरचा, ‘डब्ल्यूएफ’ असेल तर वेस्टर्न फोर्जचा. जुन्या हत्यारांचे शौकीन भिंगातून आधी ते अक्षर शोधतात, कारण एकाच ब्रँडच्या दोन पान्यांमध्ये घडणीचा फरक असू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

क्राफ्ट्समनचा खरा गाजावाजा झाला तो हमीमुळे. हातहत्यार समाधानकारक ठरले नाही तर ते परत आणा आणि बदलून न्या, असा तिचा साधा अर्थ होता. पावती, कारण, खरेदीची तारीख यांची चौकशी सहसा होत नसे. सीअर्सच्या दुकानांतील हत्यार विभागात दुरुस्त केलेल्या रॅचेटनी, म्हणजे मागेपुढे हलवून गोटी एकाच दिशेला फिरवणाऱ्या दातेरी दांड्यांनी, भरलेले खण असत. दात झिजलेले रॅचेट गिऱ्हाइकाने पुढे केले की विक्रेता त्यातला एक काढून देई, किंवा नव्या सुट्या भागांचा संच आणून तेथेच डोके उघडून बसवी. हा उदारपणा दिसतो तितका महाग नव्हता. आठवड्याच्या सुट्टीला गॅरेजमध्ये शिरणाऱ्या माणसाच्या हातून फिक्स पाना किंवा रिंग पाना क्वचितच मोडतो. मोडतात ते पहार म्हणून वापरलेले स्क्रू ड्रायव्हर आणि दांड्यावर पाइप चढवून ताणलेले रॅचेट. शिवाय मोडका पाना घेऊन आलेला माणूस दुकानातून रिकाम्या हाताने परत जाण्याची शक्यता कमीच. हमी हा विक्रीचाच खर्च होता, आणि तो गिऱ्हाइकाने पहिल्या खरेदीतच थोडाथोडा भरलेला असे.

ग्राहकाला दिलदार वाटणारी ही कंपनी आपल्या माणसाशी तशीच वागली असे मात्र नाही. मॅसॅच्युसेट्समधील गार्डनरच्या सीअर्स दुकानात कामाला असलेल्या पीटर रॉबर्ट्स या तरुणाने १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात रॅचेटच्या डोक्यावर बटण बसवून गोटी एका हाताने सोडवण्याची युक्ती शोधली. तेलाने माखलेल्या बोटांनी घट्ट बसलेली गोटी ओढून काढणे किती त्रासाचे, हे ज्याने केले आहे त्याला या बटणाची किंमत वेगळी सांगायला नको. सीअर्सने या शोधाला फारसे मोल नाही असे भासवून नगामागे दोन सेंट आणि एकूण १०,००० डॉलरची कमाल मर्यादा अशा अटींवर हक्क घेतले. प्रकरण कोर्टात गेले, १९७० च्या दशकात ज्यूरीने फसवणूक मान्य करून १० लाख डॉलर देवविले, आणि अखेरची तडजोड व्हायला १९८९ साल उजाडले. आज जवळजवळ प्रत्येक ब्रँडच्या संचात बटणाचे रॅचेट मिळते.

दर्जाचा दुसरा मोठा टप्पाही १९६० च्या दशकातलाच. जुन्या पद्धतीची गोटी किंवा रिंग नटाच्या सहा कोपऱ्यांवर जोर देत असे, आणि गंजलेला नट हलण्याआधी त्याचे कोपरेच गोल होत. स्नॅप-ऑनने ‘फ्लँक ड्राइव्ह’ नावाची रचना आणली. तिच्यात पान्याच्या आतल्या कोपऱ्यांना किंचित गोलाई देऊन जोर कोपऱ्यापासून थोडा आत, नटाच्या सपाट बाजूवर नेला जातो. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनी ही रचना उचलली, आणि महाग व मध्यम हत्यारांमधील एक मोठे अंतर कमी झाले. पोलादाचेही तसेच. क्रोम-व्हॅनेडियम मिश्रपोलाद आता स्वस्त संचांवरही लिहिलेले असते. फरक पडतो तो घडवल्यानंतर त्याला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून आणि थंड करून कडकपणा कसा आणला, यात. कडकपणा कमी पडला तर पान्याचे तोंड फाकते आणि जास्त झाला तर ते तडकते. खोक्यावरची दोन शब्दांची छपाई यातले काहीच सांगत नाही.

हमीच्या शब्दांना कायद्याची चौकट मिळाली ती १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने. लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’, हे स्पष्ट लिहिणे त्याने बंधनकारक केले. ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म, हेही जाहिरातीत सांगावे, असे अमेरिकी व्यापार आयोगाच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. कारण तो जन्म ग्राहकाचा असू शकतो, तसा खुद्द हत्याराचाही असू शकतो. टॉर्क पाने (नट ठरावीक जोरानेच आवळणारे), मोजमापाची साधने आणि झिजणारी पाती बऱ्याच ब्रँडच्या हमीपत्रांत वेगळी काढलेली असतात, आणि तुलना करणारे नेमके ते कलम वाचायचे सोडतात.

त्यानंतर नावे आणि कारखाने यांच्यातील अंतर वाढतच गेले. १८४३ मध्ये कनेक्टिकटमध्ये सुरू झालेल्या स्टॅन्लीने १९८० मध्ये व्हॅनवाली मॅक टूल्स आणि १९८४ मध्ये कारखान्यांत नाव असलेली प्रोटो घेतली, आणि २०१० मध्ये ती ब्लॅक अँड डेकरशी एकत्र झाली. क्राफ्ट्समनचा मोठा पुरवठादार बनलेल्या डॅनाहरने त्याच वर्षी आपला हातहत्यारांचा धंदा कूपर कंपनीबरोबर मिळून एपेक्स टूल ग्रुपमध्ये घातला. याच सुमारास क्राफ्ट्समनचा बराच माल चीनमधून येऊ लागला. हमी कायम होती. पण अमेरिकेत घडलेला जुना पाना देऊन चिनी पाना घ्यावा लागला की जुने गिऱ्हाईक नाराज होई, आणि शब्दशः पाहिले तर त्याला तक्रारीला जागा नसे. दुसऱ्या बाजूला १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हार्बर फ्रेटने आपल्या अत्यंत स्वस्त हातहत्यारांवरही आजन्म हमी दिली. येथे हमीचा तुलनेतला उपयोगच जवळपास संपतो: सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त पान्यावर एकच वाक्य छापलेले असेल, तर त्या वाक्यावरून दर्जा ठरवता येत नाही.

आपल्याकडे चित्र निराळे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील टपारियाने स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले, आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत, वायरमनच्या पिशवीत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे. जालंधर आणि लुधियानाचे कारखाने देशात स्वतःच्या नावाने विकतातच, शिवाय परदेशी ब्रँडसाठीही माल घडवतात. नाव एकाचे आणि घण दुसऱ्याचा, ही रीत तेथेही आहे. येथे मेस्त्री हमीपत्रापेक्षा दुकानदारावर विसंबतो, आणि ते शहाणपणाचे आहे, कारण नामांकित ब्रँडची नक्कल बाजारात मुबलक मिळते. दुतोंडी फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानके आहेत. पान्यावर त्यांचा उल्लेख आणि मानक चिन्ह शोधणे ही हमीच्या वाक्यापेक्षा उपयोगी सवय ठरेल.

सीअर्सची पडती बाजू सुरू झाल्यावर तिने क्राफ्ट्समन स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकायचे ठरवले. जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या व्यवहारात सुरुवातीला ५२.५ कोटी डॉलर, तीन वर्षांनी आणखी २५ कोटी डॉलर आणि पुढील १५ वर्षे विक्रीतील हिस्सा असे ठरले. म्हणजे ५०० डॉलरना घेतलेले नाव नव्वद वर्षांनी एवढ्याला गेले. सीअर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची दुकाने एकामागून एक बंद होत गेली. क्राफ्ट्समनची हत्यारे लोज सारख्या साखळी दुकानांत आली, जुन्या हत्यारांच्या हमीची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, पण दुरुस्त रॅचेटचे ते खण काही परत आले नाहीत. जुन्या पान्याच्या जागी दुकानात त्या दिवशी जे जवळचे माप असेल ते मिळते, किंवा कंपनीशी संपर्क करून वाट पाहावी लागते. स्टॅन्लीने टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे अमेरिकेतच क्राफ्ट्समन हत्यारे घडवण्यासाठी ९ कोटी डॉलरचा, यंत्रमानवांवर भर देणारा कारखाना २०१९ मध्ये जाहीर केला. तो अपेक्षेप्रमाणे चालला नाही आणि मार्च २०२३ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. वेस्टर्न फोर्जची भट्टी त्याच्या तीन वर्षे आधीच विझली होती.