व्होल्टेज आणि क्षमता: जुन्या गोल्फ कार्टची बॅटरी पारखताना

शेताच्या किंवा मोठ्या आवाराच्या कामासाठी जुनी इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट पाहायला गेलेला माणूस ४८ व्होल्टच्या बॅटरी संचाला मल्टिमीटर लावतो, ५१ च्या आसपासचा आकडा पाहतो आणि बॅटऱ्या उत्तम आहेत असे धरून पैसे मोजतो. व्होल्टेज (विजेचा दाब) आणि क्षमता (विजेचा साठा) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटते.

व्होल्टेज कसा मोजावा हे वाचकाला ठाऊक असेलच. ४८ व्होल्टची कार्ट ३६ व्होल्टच्या कार्टपेक्षा लांब जाते, हा समज मात्र सोडून द्यावा. ३६ व्होल्टच्या संचातील सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या साधारण २२५ अँपिअर-तासांच्या (हे क्षमतेचे माप) असतात, ४८ व्होल्टच्या संचातील आठ व्होल्टच्या सहा साधारण १७० च्या. संचाचे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करून पाहिला तर दोन्ही संचांत सुमारे ८.१ किलोवॅट-तास एवढीच ऊर्जा भरते.

खरी फसगत पुढे आहे. गाळ साचलेल्या विहिरीतही पाणी काठापर्यंत दिसते, पण उपसा सुरू झाला की थोड्याच वेळात तळ उघडा पडतो. शिसे-आम्ल बॅटरीचेही असेच होते: पत्र्यांवर सल्फेट कडक होऊन बसते, पत्र्यांवरील पदार्थ झडून तळाशी साचतो आणि साठा आटतो, तरी रात्रभर चार्ज केलेली बॅटरी सकाळी पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून चार्जर काढून काही तास लोटल्यावर, रोज वाहायचे आहे तेवढे ओझे कार्टवर लादून ती वीस मिनिटे चालवावी, चढावर न्यावी आणि त्या वेळी लांब वायरींनी प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहावा. पाच बॅटऱ्या आठच्या जवळ टिकून राहिल्या आणि सहावी साडेसहावर कोसळली, तर दोष तिच्यात आहे. सर्व बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असल्याने कार्टचा पल्ला तीच दुबळी बॅटरी ठरवते. हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे उपकरण) असल्यास उत्तमच: पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यात, आम्लाची घनता १.२६५ ते १.२८० भरते, आणि एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी गेली असे समजावे.

‘एकच बॅटरी बदलून घ्या’ हा सल्ला मी कधीही मानणार नाही, कारण जुन्यांच्या रांगेत बसवलेली नवी बॅटरी त्यांच्याबरोबर लवकर म्हातारी होते. नवी गादी, ताजा रंग आणि चकचकीत रिम यांचे मोल शून्य धरावे. ओझ्याखाली तपासणी करू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर पूर्ण नव्या संचाची किंमत वजा करूनच भाव सांगावा.