जिलबीतलं वाटीभर पाणी

बॉयलर अग्निप्रदीपनाचा नारळ फुटला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत सगळ्यांची नजर वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्यावर असते. त्या गेजखालच्या नळीला जिलबीसारखा एक वेढा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. जुने फिटर त्याला सायफन म्हणतात, नवी पोरं पिगटेल.

वाफेचा दाब आधी पाऱ्याच्या नळीत मोजत. एका वातावरणाला 760 मिलिमीटर पारा, म्हणजे दहा वातावरणांना साडेसात मीटरहून लांब नळी! 1849 मध्ये फ्रान्समध्ये यूजीन बूर्दाँ यांनी चपट्या, वाकवलेल्या नळीच्या गेजचं पेटंट घेतलं. दाब चढला की नळी उलगडू पाहते आणि काटा फिरतो. पण नळी पितळेची, सांधे डाख दिलेले. थेट वाफ आत गेली की पितळेचा ताण बिघडतो, गेज खोटं बोलायला लागतं. त्यावरचा उपाय वाफेतच सापडला. वेढ्यात वाफ निवून पाणी साचतं. पाणी दाब पुढे पोचवतं, चटका मागे ठेवतं.

पूर्वी आपल्याकडे 21 किलोचे (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 21 किलो दाबाचे) बॉयलर, वाफ 340 अंशांची. सहवीजनिर्मिती आली तसे 67, 87, 110 किलोचे आले, वाफ 540 अंशांपर्यंत गेली. गेजशेजारी दाबाचा आकडा विजेच्या संकेताने पाठवणारे ट्रान्समीटर बसले, आणि त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स साधारण 85 अंशांपुढे टिकत नाही. युक्ती मात्र तीच राहिली, वाटीभर पाण्याची.

फ्लोच्या, म्हणजे वाफेच्या प्रवाहाच्या बाबतीत ती जास्त नाजूक. वाफेच्या वाटेत भोक असलेली ओरिफिस प्लेट बसवतात आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावरून फ्लो काढतात. प्लेटच्या दोन्ही बाजूंना कंडेन्सेट पॉट, म्हणजे वाफेचं निवलेलं पाणी धरणारी भांडी असतात, ते एका पातळीतच हवेत. लो साइडचा (कमी दाबाकडचा) पॉट 100 मिलिमीटर खाली बसला, तर 2500 मिलिमीटर पाण्याच्या रेंजच्या ट्रान्समीटरवर वाफ बंद असतानाही जवळजवळ 20 टक्के फ्लो दिसतो. फरक छोटा, पण फ्लो त्या फरकाच्या वर्गमुळात निघतो ना!

आणि मग लॅगिंगवाले, म्हणजे नळ्यांना उष्णता धरून ठेवणारं आवरण घालणारे. हंगामाआधी ते दिसेल त्या नळीवर रॉकवूल गुंडाळतात, सायफन आणि ट्रान्समीटरकडे दाब नेणाऱ्या इम्पल्स लाईनसकट. मग वाफ निवणार कुठे? दर ऑक्टोबरला इन्स्ट्रुमेंट खात्याचा माणूस ब्लेड घेऊन मागून फिरतो आणि ते कापून काढतो. लाईन ब्लो केली, म्हणजे वाफ सोडून साफ केली, तर पुन्हा पाणी भरेपर्यंत ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. शेवटी नळीच्या खालच्या टोकाला बोट लावतो. कोमट लागली की पुढच्या पॉइंटकडे.