खरी लोकर की ॲक्रेलिक? आधी धागा जाळून बघा

हुरड्याचे दिवस जवळ आले की विणणाऱ्या बायकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. ‘वो काकू, स्वेटर एकदाच धुतला अन् पार आटला की!’ ‘मावशी, एवढी चांगली लोकर आणली, तरी बॉर्डर सैल कशानं पडली?’ आणि दर वेळी कुणीतरी ठोकून उत्तर देतं, ‘लोकर जपून धुवावी लागते.’ कुठली लोकर, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आटणं हा मेंढीच्या लोकरीचा आजार आहे आणि सैल पडणं हा ॲक्रेलिकचा. दोघांना एकच औषध सांगत राहिलं की दोन्ही स्वेटर वाया जातात.

ॲक्रेलिकबद्दल फार सांगायला नको, ते तुमच्या हातातलंच आहे. लातूरच्या गंजगोलाईत नाहीतर संभाजीनगरच्या गुलमंडीवर मिळणारे रंगीबेरंगी गोळे बहुतेक त्याचेच असतात. पेट्रोलियमपासून कारखान्यात बनलेला धागा. स्वस्त, रंगाला पक्का, रोज धुतला तरी कुरकुर नाही, कसर म्हणजे लोकर खाणारी कीड लागत नाही. पूर्वी आईच्या पिढीत ज्याचं कौतुक होतं ते कॅशमिलॉनही ॲक्रेलिकच. काश्मीरशी किंवा पश्मिन्याशी त्याचं काहीही नातं नाही, हे एकदा सगळ्यांनी लक्षात घ्यावं.

खरी लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच केराटिन नावाचं प्रथिन तिच्यात असतं. ‘लोकर टोचते, म्हणून आम्ही घेत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा घोंगडी अंगाला लावून पाहिलेली असते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीचा केस जाड आणि भरड. चिंचोक्याची खळ देऊन विणलेली त्याची घोंगडी पाठीवर अन् अंथरायला फार गुणाची, पण त्याचा स्वेटर उघड्या गळ्याला सोसवणार नाही. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे जाड तंतूचं टोक कातडीला टोचतं. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आत असते, ती लहान मुलाच्या मानेलाही टोचत नाही. तेव्हा दोष लोकरीचा नाही, तुम्ही कुठली निवडली त्याचा आहे.

बाकीचे फरक पटकन सांगते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेते तरी अंगाला ओली लागत नाही, ॲक्रेलिक २ टक्क्यांच्या आसपासच घेतं. लोकरीला कसर लागते, म्हणून ठेवणीत टाकण्याआधी धुऊन पूर्ण वाळवायची. घामाच्या डागांवरच कसर आधी बसते आणि न धुतलेल्या स्वेटरात कडुलिंबाचा पाला कितीही कोंबला तरी तो वाचत नाही. किंमत आणि रंग तुम्ही दुकानात बघालच.

आता खरी गोम. हे दोन धागे थंडीत जवळपास सारखेच वागतात. परभणीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या आठवड्यातही, वारा नसेल तर जाड ॲक्रेलिकचा स्वेटर ऊब देतोच. त्यांची जात कळते ती उष्णतेजवळ. बंबाचं पाणी, इस्त्री आणि विस्तव या तिन्ही ठिकाणी ते एकमेकांच्या उलट वागतात.

पाण्यापासून सुरू करू. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला. गरम पाणी, सोड्याचा साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले उघडतात, तंतू एकमेकांत सरकतात आणि तिथेच अडकतात. परत मागे येत नाहीत. टाके दिसेनासे होतात, वीण नमद्यासारखी घट्ट होते (यालाच फेल्ट होणं म्हणतात), सहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर दोन वर्षांच्या बाळाला होतो. तो ओढून सरळ होत नाही आणि उसवताही येत नाही. नुसत्या कोमट पाण्यानं एवढं होत नाही, चोळण्यानं होतं. म्हणून लोकर थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात रिठ्यात भिजवायची, दाबायची, पिळायची नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो, त्यामुळेही रिठा बरा. मग टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत खाटेवर आडवी पसरायची. वाळताना थोडी लांबलेली असेल तर हातानं मापात आणा, लोकर ऐकते.

ॲक्रेलिक आटत नाही, पण उकळत्या पाण्यात नाहीतर वाफेत ते मऊ पडतं. अशा अवस्थेत तारेवर टांगलं की स्वतःच्याच ओझ्यानं खाली उतरतं आणि थंड होताना तोच आकार धरून बसतं. दोन सुलट-दोन उलट अशी सुंदर बॉर्डर अंगाला धरते ती धाग्याच्या वळणांमुळे. उष्णता ती वळणंच पुसून टाकते. गरम इस्त्री एकदा थेट टेकवली की बाही लुळी, चकचकीत होते आणि ती पुन्हा कधीच उभी राहत नाही. लोकरीवर मात्र ओलं फडकं टाकून हलकी वाफ दिली तर टाके उलट सारखे होतात. ‘वाफ दिली की वीण बसते’ हा सल्ला ऐकून ॲक्रेलिकच्या बॉर्डरवर इस्त्री फिरवलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं, कारण त्या बॉर्डरमागे कुणाच्या तरी कितीतरी दुपारी असतात.

विस्तवाची गोष्ट मात्र स्वेटर खराब होण्यापुरती नाही. आपल्याकडे थंडी म्हटलं की शेकोटी आलीच. हुरड्याची आगटी, रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी देताना बांधावर पेटवलेलं जळण, बाळंतिणीच्या खोलीत बाजेखालची शेगडी. लोकर पेटायला साधारण ५७० ते ६०० अंश उष्णता लागते. ठिणगी पडली तर तिथे काळं पडतं आणि बहुतेक वेळा तिथेच विझतं. ॲक्रेलिक चटकन पेट घेतं, वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. शेगडीजवळ ठेवायच्या तान्ह्या बाळाला ॲक्रेलिकचं टोपडं आणि स्वेटर घालू नका. मी याबाबत कुणाचंही ऐकून घेत नाही. रोज धुवायला सोपं हवं असेल तर सुती घाला, वर मऊ लोकरीचं घाला.

घरात पडलेला गोळा कुठला, हे ओळखायला वेष्टन वाचा. वेष्टन नसेल तर वीतभर धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, बाजूला पाण्याचा तांब्या असू द्या आणि काडी लावा. लोकर ज्योतीपासून मागे आकसते, काडी काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. ॲक्रेलिक काडी काढली तरी जळत राहतं, काळा धूर सोडतं आणि मागे कडक मणी उरतो, तो नखानंही फुटत नाही. वास केसांचा पण राखेत कडक खडे लागले तर मिश्रण समजा, आणि धुताना लोकर म्हणून, विस्तवाजवळ ॲक्रेलिक म्हणून वागवा.

मग कुणासाठी काय? शाळेत जाणाऱ्या पोरांना खुशाल ॲक्रेलिक विणा. वर्षात बाही आखूड होते, डबक्यात लोळून येतात, मशीनला टाकता येतो. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला, चुलीपुढे बसणाऱ्या आजीला आणि तान्ह्या बाळाला लोकर. पायमोज्यांना ॲक्रेलिक मी कधीच वापरू देणार नाही. घाम आत साठतो आणि पहाटे तोच गार पडून पाय बधिर करतो. मोज्यांसाठी तीन भाग लोकर आणि एक भाग नायलॉन असलेला बारीक धागा मागवा, मोठ्या माणसाच्या जोडीला साधारण १०० ग्रॅम पुरतो. नुसती लोकर असेल तर टाचेला बारीक नायलॉनचा दोरा जोडीनं धरून विणा, नाहीतर पहिली टाचच झिजते. चपलेवर घालायचे असतील तर अंगठा वेगळा काढा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला ४००-६०० ग्रॅम धागा लागतो, तेवढ्या लोकरीला पैसे नसतील तर आधी मोजे आणि कानटोपी लोकरीची करा.

एक काम मात्र करू नका: अंग लोकरीचं आणि उरलेल्या ॲक्रेलिकची बॉर्डर, असा स्वेटर. कुणी एकदा नीट न पाहता गरम पाण्यात घातला की अंग आटतं, बॉर्डर तेवढीच राहते आणि कमरेला झालर सुटते. उरलेल्या ॲक्रेलिकची पिशवी विणा.