कणांची खरी परीक्षा रक्तात

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं, खात्रीचं औषध. पण ते हृदयाच्या स्नायूंनाही इजा करतं, म्हणून एका रुग्णाला आयुष्यभरात ते किती द्यायचं याला मर्यादा असते. १९९५ साली अमेरिकेत 'डॉक्सिल'ला मान्यता मिळाली. औषध तेच, फक्त सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या स्निग्ध पदार्थाच्या पोकळ कणात, म्हणजे लायपोसोममध्ये, भरलेलं. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) हृदयाला होणारा अपाय बराच कमी झाला.

हे साधलं कसं? शिरेतून आत आलेले परके कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. पाच-सहा नॅनोमीटरहून लहान असतील, तर मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे जातात. डॉक्सिलच्या कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि रक्तातल्या प्रथिनांना सहजी चिकटू देत नाहीत. त्यामुळे कण भक्षक पेशींना लवकर सापडत नाही, काही दिवस रक्तात फिरत राहतो. हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून तो बाहेर पडू शकत नाही. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईने वाढलेल्या, सच्छिद्र असतात. तिथे तो झिरपतो.

'थेट गाठीवर मारा' असं मात्र मी म्हणणार नाही. प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचा मध्यक (निम्मे आकडे याहून कमी, निम्मे जास्त) होता ०.७ टक्के! उरलेल्यातला मोठा वाटा यकृत-प्लीहेतच अडकतो. अशा औषधांचा आजवरचा मोठा फायदा दुष्परिणाम घटण्यात आहे, आणि रुग्णासाठी तो मुळीच किरकोळ नाही.

याच अडथळ्याचा उपयोग करून घेणारं औषध २०१८ साली आलं, पॅटिसिरान. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बिघडून मज्जातंतूंमध्ये साचण्याच्या आनुवंशिक आजारावर ते देतात. हे प्रथिन मुख्यतः यकृतातच तयार होतं. औषधातले आरएनएचे तुकडे पेशीत हे प्रथिन बनणं रोखतात. ते उघडे टोचले तर रक्तात लगेच नष्ट होतील, म्हणून ते मेदकणांत गुंडाळलेले असतात. रक्तातलं अपोई हे प्रथिन कणाला चिकटतं आणि यकृतपेशी त्याला आत ओढून घेतात. पेशीतल्या आम्लधर्मी पुटिकेत (इवल्याशा पिशवीत) कणातल्या मेदावर धनभार येतो, पुटिकेचं आवरण फाटतं आणि आरएनए बाहेर पडतो. कोविडच्या एमआरएनए लशींतले मेदकणही असेच काम करतात, फक्त ते दंडाच्या स्नायूत टोचतात.

यकृत टाळून दुसरीकडे जायचं असेल, तर कणाची घडणच बदलावी लागते. मेदांचं मिश्रण बदलून कण फुप्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळवणं उंदरांमध्ये जमलं आहे.