लिनक्स सर्व्हरवरील लॉगिन-विलंब

दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या प्रोटोकॉलने) लिनक्स सर्व्हरवर शिरताना, पासवर्ड विचारला जाण्याआधी किंवा तो दिल्यानंतर, लागणारा अवाजवी वेळ. आत गेल्यावर आदेश झटपट चालत असतील तरच याला लॉगिन-विलंब म्हणावे. सगळेच रेंगाळत असेल तर दोष प्रोसेसर, डिस्क किंवा लाइनचा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की प्रत्येक बिघाड उन्हाच्या माथी मारला जातो. पण तापलेले यंत्र सगळीच कामे सावकाश करते, नुसते लॉगिन नव्हे.

एसएसएच प्रोटोकॉल फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केला. आज बहुतेक सर्व्हरांवर असलेली त्याची मुक्त प्रणाली, ओपनएसएसएच, ही ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पातून १९९९ मध्ये आली.

विलंबाच्या काळात सर्व्हर बहुधा काम करत नसतो, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो. सर्वांत नेहमीचे कारण उलट डीएनएस, म्हणजे आलेल्या आयपी पत्त्यावरून नाव शोधणे. जळगावची डाळ मिल किंवा सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचे ऑफिस घ्या. सर्व्हर शेजारच्या खोलीत, हिशेबाचा संगणक त्याच स्विचवर. तरी इंटरनेटची लाइन गेली की लॉगिन अडते. सर्व्हरला डीएनएस म्हणून ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता दिलेला असतो आणि १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरच्या पत्त्याचे नावही तो तिथेच विचारतो. लाइन चालू असते तेव्हा 'असे नाव नाही' हे उत्तर क्षणात येते, म्हणून दोष एरवी लपून राहतो. लाइन नसली की प्रत्येक प्रश्नामागे ५ सेकंद थांबून तो पुन्हा एकदा विचारतो: डीएनएस सर्व्हर एक असेल तर साधारण १० सेकंद, दोन असतील तर २०. इतके नेमके आकडे दिसले तर रॅम वाढवण्याचा खर्च करू नये.

ओपनएसएसएच ६.८ पासून (२०१५) 'यूजडीएनएस', म्हणजे हा नावाचा शोध घ्यायला लावणारे सेटिंग, मुळातच बंद असते. जुन्या सर्व्हरवर ते हाताने बंद करावे लागते. मात्र किल्ल्यांच्या फाइलीत (पासवर्डाऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्यांच्या यादीत) 'फ्रॉम'पुढे यंत्रांची नावे लिहून प्रवेश मर्यादित केला असेल, तर ती नावे मग जुळत नाहीत. तिथे आयपी पत्ते लिहावेत. किंवा 'यूजडीएनएस' चालू ठेवून ऑफिसातल्या यंत्रांना स्थिर पत्ते द्यावेत आणि त्यांची नावे सर्व्हरच्या होस्ट्स फाइलीत (पत्ते आणि नावांच्या स्थानिक यादीत) नोंदवावीत. कर्बरोस (मध्यवर्ती सर्व्हरकडून ओळख पटवण्याची पद्धत) वापरात नसेल तर तिच्यासाठीचे जीएसएसएपीआय प्रमाणीकरणही बंद करावे. डेबियन आणि उबुंटूच्या क्लायंटमध्ये ते आधीपासून चालू असते.

पासवर्ड दिल्यानंतरचा खोळंबा वेगळ्या घरचा. तिथे पाम (लॉगिनची तपासणी करणारी लिनक्सची यंत्रणा), स्वागत-संदेश तयार करणाऱ्या स्क्रिप्ट, उत्तर न देणारी एनएफएसवरची (नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवरची) होम डिरेक्टरी हे संशयित. थांबा बरोबर २५ सेकंदांचा असेल तर डी-बसची (प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या यंत्रणेची) मुदत संपते आहे. डी-बस पुन्हा सुरू केल्यावर तिच्याशी सिस्टमडी-लॉगिनडीचा (लॉगिन-सत्रांची नोंद ठेवणाऱ्या सेवेचा) संबंध तुटला की असे होते. लॉगिनडी पुन्हा सुरू केल्यास बहुधा भागते.

खोळंबा कोणत्या पायरीवर आहे हे एसएसएच आदेशाला 'व्ही' पर्याय तीनदा जोडला की दिसते. सेटिंग बदलल्यावर 'एसएसएचडी'ला (सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या प्रोग्रामला) 'टी' पर्याय देऊन सेटिंगची फाइल तपासावी आणि सेवा पुन्हा सुरू करताना एक जुने सत्र उघडे ठेवावे. ते तुटत नाही. फाइल चुकली आणि सत्रही नसले, तर जळगावहून नंदुरबारचा सर्व्हर दुरुस्त करायला भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी धरावी लागते.