वाढ संप्रेरक (वंध्यत्व उपचारातील वापर)

मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून वाढ संप्रेरक स्रवते. मुलांची उंची वाढवणे एवढेच त्याचे काम नव्हे. ते स्वतः, आणि त्याच्यामुळे मुख्यतः यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटक, अंडाशयातील पेशींवर एफएसएचचा (बीज वाढवणाऱ्या, पीयूषिकेतल्याच संप्रेरकाचा) परिणाम वाढवतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, पीयूषिकेची संप्रेरके कमी असलेल्या स्त्रियांना गोनॅडोट्रोपिनच्या (अंडाशयाला चालना देणाऱ्या एफएसएच-एलएच संप्रेरकांच्या इंजेक्शनांच्या) जोडीला वाढ संप्रेरक दिल्यावर बीज पिकायला कमी इंजेक्शने लागतात असे दिसले.

ही कमतरता जन्मजात असते, गाठीमुळे वा तिच्या शस्त्रक्रियेनंतर येते. आणि बाळंतपणातूनही येते. गरोदरपणी पीयूषिका फुगलेली असते. प्रसूतीत खूप रक्त गेले तर तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ती करपते. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. पहिल्या खेपेला अंगावर दूध आले नाही, पाळी परत आली नाही, सतत थकवा राहिला, असे बाई सांगते. ‘दुसरे मूल राहत नाही’ म्हणून आलेल्या प्रत्येकीला हे विचारलेच पाहिजे; हा आजार असेल तर त्याचा सुगावा बहुधा तिथेच लागतो.

उपचारातला क्रम जिवाशी निगडित आहे. आधी कॉर्टिसोल (शरीराला ताण सोसायला लावणारे संप्रेरक) भरून काढायचे, मग थायरॉईडचे संप्रेरक. उलट केले तर रुग्ण कोसळू शकते. त्यानंतर एफएसएच आणि एलएच (बीज बाहेर पडायला लावणारे संप्रेरक). वाढ संप्रेरक यांना पूरक म्हणून, कमतरता चाचणीत सिद्ध झाल्यावरच विचारात घ्यावे. संप्रेरक पुरेसे असूनही बीजे कमी निघणाऱ्या स्त्रियांना ते सर्रास देण्याला सबळ पुरावा नाही, आणि महागड्या इंजेक्शनांचा बोजा त्या जोडप्यांवर पडू नये.

गोव्यात २०२३ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) इस्पितळात मोफत आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याची) सेवा सुरू झाली. पेडणे किंवा सत्तरीहून येणाऱ्या बाईला मात्र इंजेक्शन घरी सांभाळावे लागते: २ ते ८ अंशांत, फ्रीजरपासून दूर. गोठलेले औषध वाया जाते. पावसात वीज गेली तर इंजेक्शनचे पेन फडक्यात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवावे, बर्फाला थेट टेकवू नये.

गर्भ राहिल्यावर हे इंजेक्शन सहसा थांबवतात, कारण वार (गर्भाला पोसणारा अवयव) स्वतःच अशा प्रकारचे संप्रेरक बनवते. हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोल भरून काढणारे औषध) मात्र एक दिवसही चुकवायचे नसते, आणि प्रसूतीच्या वेळी त्याची मात्रा वाढवावी लागते.